वाचकांचे प्रश्न : पावसाळी जॅकेट घेताना, धुताना, सांधताना

पहिल्या सरींच्या आधीच जॅकेटांविषयी पत्रं येऊ लागतात. यंदाच्या बहुतेक पत्रांत ‘पर्यावरणाला कमी त्रास देणारं जॅकेट कोणतं?’ हा प्रश्न कुठे ना कुठे होता. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

आम्ही पावसाळ्यात दर रविवारी गडांवर जातो. नवं जॅकेट घ्यायचंय. लेबलांवर ‘पीएफओए-फ्री’, ‘पीएफसी-फ्री’, ‘पीएफएएस-फ्री’, ‘इको’ असं काय काय लिहिलेलं असतं. यातलं खरं कोणतं धरायचं?
– एक वाचक, पुणे

‘पीएफएएस-फ्री’ तेवढं धरा. तेही नुसत्या लेपाबद्दल लिहिलंय की अख्ख्या जॅकेटबद्दल, हे वाचून. बाकीचे शब्द खोटे असतात असं नाही, पण ते अर्धंच सांगतात.

जॅकेट उलटसुलट करून पाहा. बाहेर नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं कापड असतं. त्याला आतून एक पातळ पडदा चिकटवलेला असतो आणि पाणी अडवण्याचं खरं काम हा पडदा करतो. शिवाय बाहेरच्या कापडावर डोळ्यांना न दिसणारा लेप असतो. नव्या जॅकेटवरून पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं, ते या लेपामुळे. दुकानदार त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. फ्लोरिनयुक्त रसायनं, म्हणजे पीएफएएस, लेपातही असू शकतात आणि पडद्यातही. म्हणून चौकशी दोन्हींची करायची.

आधी लेप. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका चिवट असतो की ऊन, माती, जिवाणू यांपैकी कुणालाच तो सहजी तुटत नाही. बॅगेच्या पट्ट्याखाली आणि धुण्यात लेप झिजतो, पण झिजलेलं रसायन नाहीसं होत नाही, ते ओढ्या-नाल्यांत जातं. पूर्वीच्या लेपांत आठ कार्बनची साखळी असायची आणि तिच्यातून पीएफओए हे पीएफएएसपैकीच एक रसायन पर्यावरणात जायचं. न मोडणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने २००९ मध्ये पीएफओएस हे त्याचंच भावंड आणि २०१९ मध्ये पीएफओए आपल्या यादीत घेतलं. त्यावर उद्योगाने आठाच्या जागी सहा कार्बनची साखळी आणली. ‘पीएफओए-फ्री’ या लेबलाचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो: आठ गेले, सहा आले. या सहावाल्यातून पीएफएचएक्सए तयार होतं आणि तेही मोडत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्यावर निर्बंध घातले, ग्राहकांच्या कपड्यांना ते ऑक्टोबर २०२६ पासून लागू होतात. फ्रान्सने पीएफएएस असलेल्या कपड्यांवर १ जानेवारी २०२६ पासून बंदी आणली. कॅलिफोर्नियाची बंदी २०२५ पासून आहे, मात्र अतिपावसात वापरायच्या कपड्यांना २०२८ पर्यंत सूट आहे आणि त्यावर पीएफएएस वापरल्याची चिठ्ठी लावावी लागते. परदेशातल्या नातेवाइकांकडून जॅकेट मागवणार असाल तर ही चिठ्ठी शोधायला सांगा. मोठ्या सवलतीतलं, मागल्या हंगामातलं जॅकेट घेताना तर जरूर.

आता पडदा. जुन्या नावाजलेल्या पडद्यांत पीटीएफई हे फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिक असतं. नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. बॉब गोर यांना १९६९ मध्ये ते ताणून सच्छिद्र करता आलं आणि १९७६ पासून त्याचं कापड ‘गोर-टेक्स’ नावाने विकलं जाऊ लागलं. अंगावर घातलेलं पीटीएफई स्वस्थ असतं. त्रास होतो तो ते बनवताना कारखान्याच्या सांडपाण्यातून, आणि शेवटी ते जाळताना. गोर कंपनीने स्वतः २०२२ पासून पॉलिथिलीनचा पडदा बाजारात आणला आहे. त्यामुळे ‘गोर-टेक्स’ एवढंच नाव पुरेसं नाही, त्यापुढे ‘ईपीई’ लिहिलंय का पाहा. पॉलियुरेथेनच्या किंवा सिंपाटेक्ससारख्या पॉलिस्टरच्या पडद्यांत फ्लोरिन मुळातच नसतं. एक लेबल जपून वाचा: ‘पीएफसीईसी-फ्री’. त्यातल्या ‘ईसी’चा अर्थ ‘पर्यावरणाच्या दृष्टीने चिंतेची’. म्हणजे कंपनी ज्यांना चिंतेची मानते ती रसायनं नाहीत, पीटीएफईचा पडदा असू शकतो.

हा प्रश्न दूरच्या देशांतला आहे असं समजू नका. इटलीत मार्झोत्तो या कापडउद्योगाच्या संशोधनातून उभा राहिलेला, पुढे मितेनी नावाने चाललेला त्रिसिनोचा कारखाना व्हेनेतो भागातल्या भूजलात पीएफएएस सोडत राहिला आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि ती आली कोकणात, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. पावसाळी कापडावर काय फासलंय हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच, आणि कारणही आहे.

लेबल नसेल तर घरी एक चाचणी करता येते. नव्या जॅकेटच्या खालच्या काठाला, आतल्या बाजूला न वळवता बाहेरच्याच कापडावर, एक थेंब पाणी आणि दोन बोटं सोडून एक थेंब शेंगदाणा तेल ठेवा. अर्धा मिनिट थांबा. पाणी मोत्यासारखं उभं आणि तेल पसरून मुरलं, तर लेप बहुधा मेणाचा, सिलिकॉनचा किंवा हायड्रोकार्बनचा आहे, कारण हे लेप पाणी झटकतात, तेल नाही. दोन्ही थेंब गोल उभे राहिले तर लेपात फ्लोरिन असण्याची दाट शक्यता. पाणीही मुरलं तर चाचणी बाद, लेपच संपला आहे. ही प्रयोगशाळेतली खात्री नव्हे, पण दुकानदाराच्या ‘सगळं इको आहे साहेब’पेक्षा बरी. तेलाचा डाग भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने निघतो, नंतर ती जागा भरपूर खळबळा.

शिक्क्यांपैकी ‘ब्लूसाइन’ कारखान्यातली रसायनं तपासतो. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ तयार कापडात घातक द्रव्यं किती उरली आहेत ते पाहतो. ‘जीआरएस’ म्हणजे पुनर्वापरातला धागा. ग्राहकाला दिसणारा त्याचा शिक्का लावायला असा धागा निदान ५० टक्के लागतो. पुनर्वापरातलं पॉलिस्टर बहुतांशी पाण्याच्या बाटल्यांपासून येतं, जुन्या जॅकेटांपासून नाही. चांगलं आहे, पण एवढ्यावरून जॅकेट निवडू नका. लेपात फ्लोरिन आणि कापड बाटल्यांचं, असंही जॅकेट ‘इको’ म्हणून विकलं जातं.

वीस हजार मिलिमीटर जलरोधकतेचं महागडं, फ्लोरिनमुक्त जॅकेट घेतलं. जुलैत हरिश्चंद्रगडावर दोन तासांत आतून चिंब. मित्र म्हणतात, इको लेप गळतो. खरं आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

बहुतेक करून ते पावसाचं पाणी नव्हतं, तुमचा घाम होता. आधी खात्री करून घ्या. जॅकेटचा पाठीचा भाग पातेल्यावर खोलगट पसरा, खाली वर्तमानपत्र ठेवा, वरून कपभर पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. मग शिवण मध्ये येईल असं धरून तेच पुन्हा करा. कागद दोन्ही वेळा कोरडा राहिला तर पडदा शाबूत, शिवणीवरची टेपही शाबूत.

मग भिजलात कशाने? जॅकेटमधून वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या ३४ अंशांच्या त्वचेपाशी हा दाब साधारण ५.३ किलोपास्कल असतो. हिमालयात बाहेर ५ अंश असेल तर बाहेरचा दाब फार तर ०.९, म्हणजे वाफेला ढकलणारा फरक ४.४. सह्याद्रीत जुलैत ढगात चालताना बाहेर २४ अंश असतात आणि हवा पाण्याने गच्च, म्हणजे बाहेरच ३ किलोपास्कल. फरक उरला २.३. तेच जॅकेट, तोच पडदा, पण ढकलणारं बळ निम्म्यावर आलं. आणि खड्या चढणीवर घाम तासाला लिटरभरसुद्धा येतो. जगातला कुठलाही पडदा हे गणित बदलू शकत नाही, मग त्याची किंमत कितीही असो.

लेपाचा संबंध इथे येतो: तो मळला की बाहेरचं कापड पाणी पितं, त्यावर पाण्याचा सलग थर बसतो आणि वाफेची उरलीसुरली वाटही बुजते. कापड काळपट ओलं दिसतं, अंगाला गार लागतं, आणि माणसाला वाटतं जॅकेट गळतंय. फ्लोरिनमुक्त लेप तेल झटकत नसल्याने अंगाचं तेल, सनस्क्रीन, मानेचा मळ त्यावर लवकर बसतो, म्हणून हे लवकर होतं. मित्रांचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं. उपाय धुणं हा आहे, त्याबद्दल पुढे.

सह्याद्रीसाठी आमचं मत स्पष्ट आहे. मिलिमीटरच्या आकड्यामागे, म्हणजे कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं त्यामागे, धावू नका. १०,००० मिलिमीटर इथल्या पावसाला आणि बॅगेच्या पट्ट्याखालच्या दाबालाही पुरतं. पैसे द्यायचे तर काखेतल्या चेनसाठी द्या. २५ ते ३० सेंटिमीटर लांब, दोन्हीकडून उघडणारी. चढताना ती उघडी ठेवली की हवाच वाफ घेऊन जाते. शिवणीवर सगळीकडे टेप हवी, नुसती खांद्यांवर आणि टोपीवर असेल तर बगलेतून पाणी येतं. टोपीचा पुढचा काठ ताठ हवा. आतला शर्ट पातळ पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा, सुती नको.

आणि खरंच जॅकेट हवंय का, हेही एकदा विचारा. राजमाचीच्या वाटेसारख्या रुंद, वारा कमी असलेल्या वाटेवर छत्री सगळ्यांत कोरडं ठेवते. झाडीतून बॅगेसकट चालायला सिलिकॉनचा थर दिलेल्या नायलॉनचा पाँचो चांगला, खालून मोकळा असल्याने वाफ साठत नाही. कड्यालगतच्या अरुंद वाटेवर आणि दोर लावलेल्या टप्प्यावर मात्र पाँचो घालू नका. पाय दिसत नाहीत, वारा तो तोंडावर आणतो. तिथे जॅकेटच.

लावणीच्या दिवसांत खाचरातल्या माणसाच्या पाठीवरचं इरलं आठवा. बांबूच्या कामट्या, त्यावर पानं, पाठ झाकलेली आणि पोट, बगला सगळं मोकळं. धनगराची घोंगडी पाणी थोडं पितेही, पण चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेली ती खोळ पावसाचा मारा बाहेरच्या बाहेर उतरवते आणि भिजलेली लोकरही ऊब धरून ठेवते. आपल्या हवेत अंग कोरडं ठेवायचं ते हवा खेळती ठेवून, हे दोन्हींमागचं शहाणपण आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. गडाच्या पायथ्याशी मिळणारे पारदर्शक, एकदाच घालायचे प्लॅस्टिकचे रेनकोट घेऊ नका. करवंदीच्या पहिल्या जाळीत ते फाटतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या चिंध्या पाण्याच्या टाक्यांत असतात.

तीन वर्षांपूर्वीचं जॅकेट गणपतीनंतर कपाटात ठेवलं होतं. जूनमध्ये काढलं तर आतला थर पापुद्र्यांसारखा सुटतोय, हाताला चिकट लागतो, वास आंबूस. दोनदा धुतलं, फरक नाही. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

हे दुरुस्त होत नाही. उगाच रसायनांवर पैसे घालवू नका. आतला पॉलियुरेथेनचा थर उष्णतेत आणि दमटपणात पाण्याची वाफ शोषून हळूहळू रासायनिकरीत्या तुटतो. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बाळाने दूध काढल्यासारखा वास ही त्याची खूण. कोकणातलं बंद कपाट, त्यात किंचित ओलसर ठेवलेलं जॅकेट, आणि मग एप्रिल-मेची गरमी: याहून पोषक हवा त्याला मिळणार नाही. टेकड्यांवर कमी आणि कपाटात जास्त जॅकेटं मरतात. जे जॅकेट तीन वर्षांत फेकावं लागतं ते लेबलावर कितीही हिरवं असो, पर्यावरणाला ते महागच पडलं.

सुटलेले पापुद्रे कोरडेच, ताठ ब्रशने वर्तमानपत्रावर खरवडून काढा आणि सुक्या कचऱ्यात टाका, मोरीत धुऊन सोडू नका. उरलेलं बाहेरचं कापड हिवाळ्यात वाऱ्यापासून आडोसा देणारं जॅकेट म्हणून आणखी काही वर्षं चालतं.

पुढच्या वेळी आतून नुसता चकचकीत थर दिलेलं जॅकेट घेऊ नका. आत विणलेलं पातळ कापड चिकटवलेलं तीन थरांचं घ्या. त्यात घाम आणि अंगाचं तेल थेट पडद्याला लागत नाही. महाग पडतं, पण टिकतं. दसऱ्याच्या साफसफाईत ते धुऊन, दोन दिवस सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवून, हँगरला मोकळं टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, मुठीएवढी घडी करून पिशवीत दाबू नका, मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. पावसाळ्यातही एका ट्रेकनंतर ओलं जॅकेट रात्रभर बॅगेत राहू देऊ नका.

जॅकेट धुतलं की लेप जातो म्हणून मी धूतच नाही. बरोबर आहे ना?
– एक वाचक, नाशिक

नाही. न धुण्यानेच लेप निकामी होतो. फ्लोरिनमुक्त लेपाचं जॅकेट पावसाळ्यात भरपूर वापरत असाल तर महिन्यातून एकदा धुवा.

सगळ्या चेन आणि वेल्क्रो लावा, खिसे रिकामे करा, कॉलर आणि मनगटं मऊ ब्रशने आधी घासा. नेहमीची पावडर किंवा लिक्विड नको. तिचा अंश कापडात राहतो आणि तोच पाणी ओढून घेतो. कपडे मऊ करणारं कंडिशनर तर मुळीच नको. जलरोधक कपड्यांसाठी वेगळा साबण मिळतो, एकदोन जॅकेटांना साधारण १०० मिलिलिटर लागतो. बाटलीवरचं प्रमाण पाहा. तो नसेल तर नुसत्या कोमट पाण्यात भिजवून खळबळणंसुद्धा पावडरीपेक्षा चांगलं. रिठा चालेल का, असं अनेक जण विचारतात. रिठ्याचा फेसही पाणी मुरवणाराच, वापरलात तर तीन-चार पाण्यांतून काढा. मशीनमध्ये धुताना साबणाचा कप्पा आधी पुसून घ्या, वेग कमी ठेवा, ३० अंश, आणि खळबळणं दोनदा. पाणी न सोडणारं कापड जोराच्या पिळणीत मशीन हादरवतं, ते टाळा.

वाळल्यावर उष्णता द्यायची. ही पायरी बहुतेकांकडून राहते. ड्रायर असेल तर कमी तापमानावर वीस मिनिटं. नसेल तर इस्त्री सर्वांत कमी आचेवर, वाफ बंद, जॅकेटवर धोतरासारखं पातळ सुती कापड पसरून, एका जागी न थांबता फिरवा. आधी आतलं लेबल पाहा, इस्त्रीवर फुली असेल तर करू नका. उष्णतेने लेपाचे दबलेले कण पुन्हा उभे राहतात. एवढं करूनही पाणी मुरत असेल तर मात्र नवा लेप द्या. फवाऱ्याचा, फ्लोरिनमुक्त, धुतलेल्या आणि अजून ओल्या जॅकेटवर, खांदे, बाह्यांचा पुढचा भाग आणि टोपी यांवर जास्त. दोन मिनिटांनी जादा द्रव ओल्या फडक्याने टिपा, नाहीतर वाळल्यावर पांढरे ओघळ दिसतात.

माझ्या दहा वर्षांपूर्वीच्या जॅकेटात नक्कीच फ्लोरिन असणार. टाकून द्यावं का?
– एक वाचक, मडगाव

टाकू नका, वापरा. त्यामुळे पर्यावरणाचं व्हायचं ते बहुतेक नुकसान ते बनतानाच होऊन गेलं आहे. आता ते फेकून नवं घेतलं तर नव्याचं ओझं वर चढतं. झिजलेल्या लेपावर आता फ्लोरिनमुक्त लेप द्या. अगदीच संपलं की सुक्या कचऱ्यात. बंबात, चुलीत किंवा शेकोटीत कधीही घालू नका, जळताना हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू निघू शकतात.

करवंदीच्या काट्याने बाहीला बोटभर फाटलंय आणि पुढची चेन मधेच उघडते. शिंप्याकडे नेऊ का?
– एक वाचक, सातारा

फाटलेल्याला शिंपी नको. सुईचं प्रत्येक भोक पाणी आत घेतं. जॅकेट धुऊन वाळवा, फाटलेल्या जागेभोवती दोन्ही बाजूंनी सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवा, दहा मिनिटं वाळू द्या. तंबू-जॅकेटांची चिकटपट्टी फाटीच्या चहूबाजूंनी निदान एक सेंटिमीटर जास्त राहील अशी कापा आणि तिचे कोपरे गोल करा. टोकदार कोपराच आधी उचलला जातो. फाटलेल्या कडा एकमेकांना भिडवून, सपाट फळीवर ठेवून पट्टी लावा, चमच्याच्या पाठीने मधून बाहेर घासा. जमल्यास आतूनही एक लावा. चोवीस तास पाण्यापासून लांब. तात्पुरती म्हणून इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावू नका, तिचा चिकटा नंतर कशानेच निघत नाही.

चेन मधेच उघडते तेव्हा दोष बहुधा दात्यांत नसून रनरमध्ये असतो, तो सैल झालेला असतो. रनर चेनच्या अगदी खालच्या टोकाला आणा आणि बारीक पकडीने त्याचे मागचे दोन ओठ डावीकडून, मग उजवीकडून किंचित दाबा. जोर केलात तर तुटेल. एकदा चालवून पाहा, मग लागलंच तर पुन्हा किंचित. दोनदा दाबूनही उघडली तर रनर बदलायचा. त्याच्या पाठीवर ३, ५ किंवा ८ असा आकडा असतो. तो पाहून, जॅकेट सोबत घेऊनच बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जा. पावसाळी जॅकेटांच्या चेनचे दाते बहुतेक वेळा आतल्या बाजूला असतात, म्हणून बॅगेचा नेहमीचा रनर तिथे बसत नाही. उलट्या चेनचा रनर मागा. नवा बसल्यावर दात्यांवरून साध्या मेणबत्तीचा तुकडा दोनदा फिरवा.